न पडलेली इमारत

काय बिघडू शकतं याचा विचार करण्याचा मला पगार मिळतो. एका बांधकाम कंत्राटदाराकडे मी प्लॅनिंग बघते. कुठलं काम घ्यायचं, कुठलं सोडायचं, स्टील वेळेवर आलं नाही तर काय, बिल्डरने मध्येच हात वर केले तर काय, खोदताना शेजारची भिंत खचली तर काय. नवं काम मिळालं की ऑफिसात पेढे वाटले जायचे आणि मी तोंडातला पेढा गिळायच्या आत विचारायचे, "तिथे जमिनीत पाणी किती खाली लागतं?" सगळ्यांची तोंडं उतरायची. साइटवरचे लोक मला पाठीमागे पनवती म्हणायचे. मला ते ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक होतं, त्यामुळे आमचं बोलणं फार सभ्यपणे चालायचं.

ऑफिस घाटकोपर पूर्वेला, खाली भांड्यांचं दुकान आणि वर आम्ही. साइट इंजिनियर दिवसभर साइटवर असायचे, हिशेब बघणाऱ्या दोघी एकमेकींच्या डब्यात जेवायच्या. मी खिडकीशी बसून जेवायचे. घरी मुलुंडलाही तेच. वडील नोकरी संपल्यावर आईला घेऊन मालवणकडे गावी गेले, मी इथे राहिले. लग्न झालं होतं, टिकलं नाही. त्यात सांगण्यासारखं काही नाही. माणूस एकटा राहायला लागला की वाईटाचा विचार आपोआप जमतो, असं मला तेव्हा वाटायचं. पुढे काय बिघडेल हे मी घरीही धरून बसलेले असायचे, आणि टोकायला कोणी नव्हतं.

आमचे मालक कुडाळकडचे. त्यांचे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर घर चालवायला यांनी प्लास्टरची छोटी कामं घेतली, मग विटांची, मग अख्ख्या इमारतींची. आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो. एरवी ते आपली मुंबईची मराठी बोलायचे, पण खुशीत आले किंवा चिडले की मालवणीवर जायचे. त्यांनीच मला कामावर ठेवलं होतं. मुलाखतीत म्हणाले होते, "माझ्याकडे हो म्हणणारे पुष्कळ आहेत. नाही म्हणणारं एक माणूस पाहिजे." पण नाही म्हणणारं माणूस रोज समोर बसलेलं कोणाला आवडतं? त्यांनाही आवडायचं नाही.

आमची सगळी मोठी कामं एकाच बिल्डरची होती. हे मला पहिल्यापासून खटकायचं. एका दुपारी मी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन सरळ सांगितलं.

"सर, उद्या या माणसाने तोंड फिरवलं तर आपल्या हातात दुसरं काही नाही. छोटी का होईना, वेगळ्या लोकांची कामं घ्यायला हवीत. जुन्या सोसायट्यांची दुरुस्ती, गळती, कॉलम. ती कामं कधी संपत नाहीत."

"त्याच्या पहिल्या बिल्डिंगपासून मी त्याच्याबरोबर आहे."

"म्हणूनच सांगतेय."

"नाता आसा गो ता," ते हसले. "तुझ्या कॉम्प्युटराक ता काय कळतला?"

मी उठले नाही. तशीच बसून राहिले. शेवटी त्यांनी हात झटकला. "बरं, घे तुझी ती गळतीची कामं. पण माझा एकही माणूस मोठ्या कामावरून हलवायचा नाही."

मग मी बाहेरचे दोन गवंडी आणि एक सुपरवायझर धरून मुलुंडच्या, बोरिवलीच्या सोसायट्यांची कामं सुरू केली. ऑफिसात त्याला 'मॅडमची भातुकली' म्हणायचे.

त्याच सुमारास साकीनाक्याचं काम आलं. वर टॉवर आणि खाली गाड्यांसाठी दोन मजले तळघर. प्लॉट वर्कशॉपच्या गल्लीत होता. एका बाजूला लेथ मशीन चालणारे गाळे, दुसऱ्या बाजूला एक तीन मजली जुनी इमारत. ती इमारत आणि आमचं कुंपण यांच्यात एक हातगाडी जेमतेम जाईल एवढीच जागा. इतक्या जवळ इतकं खोल खोदायचं म्हणजे शेजारच्या घराखालची माती सांभाळत खाली उतरायचं.

उपाय ठरलेले असतात. खड्ड्याच्या कडेने आधी जमिनीत काँक्रीटचे खांब उतरवून भिंत करायची. मग जसजसं खोदत जाऊ तसतसे त्या भिंतीला आतून आडवे लोखंडी टेकू द्यायचे, म्हणजे ती आत झुकत नाही. टेकू लागल्याशिवाय पुढचा थर खोदायचा नाही, हे मी लिहून घेतलं होतं, बिल्डरच्या माणसांकडून कबूलही करून घेतलं होतं. शिवाय शेजारच्या इमारतीत जिथे जिथे जुने तडे होते तिथे आम्ही काचेच्या बारीक पट्ट्या चिकटवल्या. भिंत हलली तर काच तडकते. जुनी आणि स्वस्त पद्धत आहे, पण खोटं बोलत नाही असं सगळे म्हणतात.

त्यातली एक पट्टी तळमजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात होती. ओट्याच्या वर, मसाल्याच्या डब्यांच्या फळीशेजारी. ते घर एकट्या राहणाऱ्या एका बाईंचं. साठी ओलांडलेली, बारीक चणीची, केस घट्ट बांधलेले. पहिल्या दिवशी दारातच म्हणाल्या, "चपला बाहेर. आणि माझ्या भिंतीला हात लावायच्या आधी हात धू." मी हात धुतले. मग त्यांनी माझ्याकडून ती पट्टी कशासाठी आहे हे नीट समजून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे तू माझं घर पडायची वाट बघणार. बस, चहा टाकते."

मी त्यांना मावशी म्हणायला लागले. त्या याच गल्लीतल्या एका युनिटमध्ये आयुष्यभर ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल गुंडाळायच्या. युनिट बंद पडलं, नवरा त्याआधीच गेलेला, मूलबाळ नाही. चिपळूणकडे भाऊ होता, बायको-मुलं-सुना असं भरलेलं घर. तो बोलवायचा, या जायच्या नाहीत. "तिकडे माणसं फार गं," म्हणायच्या. "मला आपलं एकटीलाच बरं वाटतं."

पट्ट्या बघायला मी स्वतः जायची गरज नव्हती. साइटवरचा कोणीही जाऊन फोटो काढून पाठवू शकला असता. पण मी जायला लागले. सकाळी घाटकोपरहून मेट्रोने साकीनाक्याला उतरायचं, साइटवर जायच्या आधी मावशींकडे जायचं, पट्टी बघायची, गवती चहाचा कोरा चहा प्यायचा. "काय, आज काय पडणार म्हणतेस?" असं त्या विचारायच्या. मी हसायचे. दिवसभरात मी हसायचे ती तेवढीच वेळ. आईला न सांगितलेल्या गोष्टी मी त्या ओट्याशी उभी राहून सांगितल्या. त्या ऐकताना बोटांनी पदराचं टोक गुंडाळत राहायच्या, कॉइल गुंडाळल्यासारखं, आणि सल्ला कधी द्यायच्या नाहीत. कधी कधी आम्ही दोघी नुसत्याच बसायचो. बाहेर लेथचा आवाज, आमच्या खड्ड्यातून खोदणाऱ्या पोकलेनचा घरघराट, आणि आत आम्ही. शेजारच्या आवाजाने त्यांची भांडी फळीवर बारीक वाजायची. त्या म्हणायच्या, "तुझी माणसं माझ्या वाट्या वाजवतायत बघ."

पहिला थर खोदून झाला. टेकूंचं स्टील यायला उशीर होत होता. बिल्डरचा प्रोजेक्ट मॅनेजर बैठकीत म्हणाला, "पावसाच्या आधी तळ गाठायचाय. टेकू काय, मागून लागतील." मी नाही म्हटलं. सरांनीही माझीच बाजू घेतली. तो गप्प बसला, आणि मला वाटलं विषय संपला.

विषय संपला नव्हता. एका सकाळी मी साइटवर गेले तर मावशींच्या स्वयंपाकघरामागचा कोपरा ठरल्यापेक्षा बराच खाली गेलेला. टेकू नाही, काही नाही. मी साइट इंजिनियरला गाठलं.

"हे कोणी खोदायला सांगितलं?"

"वरून फोन होता, मॅडम."

"वरून म्हणजे? आपल्या सरांचा?"

"नाही. त्यांच्या मॅनेजरचा. म्हणाला कोपराच आहे, काय होतंय."

मी तिथलं काम बंद करायला सांगितलं आणि सरांना फोन केला. ते म्हणाले, "टेकू उद्या येतायत, मी बोललोय. तोवर हात लावू देऊ नकोस." खड्ड्याची भिंत किती सरकते हे मोजणाऱ्या यंत्राची मापं बघितली. ती हलली होती, पण चालवून घेण्याइतकीच. मर्यादेच्या आत.

दुसऱ्या दिवशी मावशींकडे गेले. त्यांनी चहा ठेवला. मी भिंतीकडे बघितलं, आणि पट्टी मधोमध तडकलेली.

"मावशी, ही कधी तडकली?"

त्या चष्मा लावून जवळ गेल्या. "अगंबाई. काल सगळी भिंत पुसून काढली मी, तेल उडून चिकट झालेली. फडका अडकला असेल."

"पुसताना आवाज आला का?"

"मिक्सर चालू होता. कुठे कळतंय?"

"पुसायच्या आधी धड होती?"

"तेच आठवत नाही ना. माझ्यामुळेच झालं असेल गं. तू उगाच डोक्याला ताप करून घेऊ नकोस. चहा घे."

मी चहा घेतला नाही. वरच्या मजल्यांवरच्या पट्ट्या बघायला गेले. त्या धड होत्या. पण दुसऱ्या मजल्यावरच्या एका घराचं दार फरशीला घासत होतं. घरातली बाई म्हणाली, "हे दमट हवेत नेहमीच फुगतं, त्यात काय नवीन?" मी तिला विचारलं, आजच घासतंय की आधीपासून? ती म्हणाली, "आता कोण लक्षात ठेवतं?"

म्हणजे माझ्या हातात होतं काय? एक तडकलेली काच, जी फडक्याने तडकली असेल. एक घासणारं दार, जे दरवर्षी घासतं. आणि मर्यादेतली मापं. मी खाली गल्लीत उभी राहिले. लेथवरची माणसं कामात होती. आयुष्यभर मी वाईटाचा विचार करत आले होते, पण तो कागदावर. समोर एका बाईने माझ्यासाठी गाळून ठेवलेला चहा गार होत असताना तसा विचार मी कधी केला नव्हता. मी सरांना फोन करून ताबडतोब यायला सांगितलं.

ते बोरिवलीला होते, आले. आधी खड्ड्यात उतरले, तो कोपरा बघितला, मग मावशींच्या घरात जाऊन काच बघितली. बाहेर येऊन गेटपाशी उभे राहिले. हेल्मेट काढून हातात धरलेलं.

"पडणार?"

"माहीत नाही, सर."

"तू नेहमी काहीतरी अंदाज सांगतेस. सांग."

"नाही सांगता येत. पुसताना तडकली असेल तर काहीच नाही. नसेल तर आत माणसं आहेत."

ते खड्ड्याच्या कडेपर्यंत जाऊन आले. मग एकदम मालवणीवर गेले.

"आज काम थांबवून लोकांक भायर काढला तर तो माका परत काम देवचो नाय."

"नाही देणार."

"ह्या तुका ठावक आसा."

"हो, सर."

त्यांनी हेल्मेट डोक्यावर घातलं आणि पोकलेनवाल्याला ओरडून सांगितलं, "माती परत टाक! कोपऱ्यात टाक, भिंतीला लावून! सगळं सोड, आधी माती!" दिवसेंदिवस खपून बाहेर काढलेली माती त्यांनी पुन्हा आत ओतायला लावली. वॉर्ड ऑफिसला स्वतः कळवलं. मग चपला काढून त्या इमारतीत शिरले आणि एकेका घराचं दार वाजवून हात जोडून सांगू लागले, काही दिवस घर सोडा. मी त्यांच्यामागे उभी होते. लोकांनी आम्हाला काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सरांच्या तोंडावर दार आपटलं. सरांनी पुन्हा वाजवलं.

मावशींचं दार शेवटचं होतं. तिथे सर म्हणाले, "इथे तू बोल," आणि बाजूला झाले.

मावशींनी माझ्याकडे बघितलं. "तू सांगितलंस त्यांना?"

"हो."

"मी तुला म्हटलं ना, माझा फडका लागला असेल म्हणून."

"खात्री नव्हती, मावशी."

"मग खात्री नसताना मला घराबाहेर काढतेस?"

त्यांनी गॅस बंद केला, पाण्याच्या हंड्यावर ताटली ठेवली, मसाल्याचे डबे फळीवरून उतरवून कपाटात ठेवले. पिशवी भरली. मी ती उचलायला गेले तर म्हणाल्या, "राहू दे." बाकीच्यांची सोय जवळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये केली होती. या गेल्या नाहीत. भावाला फोन केला, तो रात्री गाडी घेऊन आला. तो येईपर्यंत त्या गेटजवळच्या एका गाळ्याच्या पायरीवर बसून होत्या आणि मी गेटपाशी उभी होते. आमच्यामध्ये चार पावलांचंही अंतर नसेल. त्या गाडीत बसल्या तेव्हा मी हात हलवला. त्यांनी काच वर केली.

इमारत पडली नाही.

त्या दिवशी नाही, पुढेही कधी नाही. टेकू आले, लागले, माती पुन्हा काढली, काम पुढे गेलं. दोन तज्ज्ञ येऊन बघून गेले. एक म्हणाले, वेळेत थांबवलंत, कोपरा सरकायला लागला होता. दुसरे म्हणाले, इतकी हालचाल होतेच, भिंत उभी राहिली असती, उगाच घबराट झाली. मी दोघांचेही अहवाल पुन्हा पुन्हा वाचले. दोघांचीही आकडेमोड बरोबर होती. एखादी इमारत पडली तर ती का पडली हे शोधता येतं. न पडलेली इमारत पडली असती का, हे कोणालाच शोधता येत नाही. मी पहिल्यांदा माझं काम खरोखर केलं होतं, आणि ते झालं की नाही हे मलाच कळायला मार्ग नव्हता. हे कोणाला सांगावं तर ज्यांना सांगितलं असतं त्या चिपळूणला होत्या, आणि माझा फोन उचलत नव्हत्या.

बिल्डर भांडला नाही. साकीनाक्याचं आमच्याकडचं काम त्याने पूर्ण करून घेतलं. पण दिंडोशीकडचं पुढचं काम, जे आम्हालाच मिळणार असं सगळे धरून चालले होते, ते दुसऱ्या कंत्राटदाराला गेलं. सरांनी फोन केले, तो उचलेना. एकदा त्याच्या ऑफिसात जाऊन बसलेही, आणि बसून परत आले. मग आमची माणसं गळायला लागली. साइट इंजिनियर गेला, तोही त्या दुसऱ्या कंत्राटदाराकडेच. शेवटच्या दिवशी माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला, काहीतरी बोलायचं होतं त्याला. नुसतं "चला मॅडम" म्हणाला. हिशेबवाल्या दोघींतली एक गेली, मग उरलेली दुसऱ्या खिडकीशी बसून जेवायला लागली. मी तिला एकदा म्हटलं, इकडे ये बसायला. ती म्हणाली, "नको, इथे वारा येतो."

ऑफिस चाललं ते भातुकलीवर. सोसायट्यांची गळती, प्लास्टर, गच्चीवरचं वॉटरप्रूफिंग. मी जे कधीपासून सांगत होते तेच झालं होतं, फक्त वाट लागल्यावर. एकाच माणसावर अवलंबून राहू नये, हे आता ऑफिसात सगळ्यांना पटलं होतं. सगळे म्हणजे उरलेले. मी बरोबर होते असं कोणी म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तर मला ते सहन झालं नसतं.

सर मला एका शब्दानेही बोलले नाहीत. पण पूर्वी जाता-येता माझ्या टेबलावर हात टेकून "काय गो, आज कसली वाईट बातमी?" असं विचारायचे, ते थांबलं. सरळ केबिनमध्ये जायचे.

एकदा आम्ही दोघं मुलुंडच्या एका सोसायटीच्या बैठकीला गेलो. मोठमोठे टॉवर उभे केलेला हा माणूस क्लब हाऊसमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता आणि सोसायटीचे सेक्रेटरी त्यांना बाथरूमच्या टाइल्सवरून सुनावत होते. "तुमच्या माणसांना लेव्हल कळत नाही का? पाणी दाराकडे येतं आमचं!" सर म्हणाले, "उद्या स्वतः येऊन बघतो." सेक्रेटरी म्हणाले, "बघून काय करणार? उखडा आणि परत करा." सर म्हणाले, "करतो."

परत येताना ते मला घराजवळ सोडणार होते. सिग्नलला गाडी उभी राहिली तेव्हा त्यांनी समोर बघतच विचारलं, "पडली असती का गो ती?"

त्या दिवसानंतर त्यांनी हे पहिल्यांदाच विचारलं होतं.

"माहीत नाही, सर."

"खोटा तरी बोल गो एकदा."

हो म्हणायचं होतं. एका शब्दाचं काम होतं. या माणसाने माझ्या 'माहीत नाही'वर आपला धंदा मोडला होता, आणि त्याला माझ्याकडून एवढंच हवं होतं. मी तोंड उघडलं, पण तो शब्द येईना. मागच्या गाडीने हॉर्न दिला. त्यांनी गिअर टाकला आणि म्हणाले, "जाऊंदे." माझ्या गेटपाशी उतरताना मी म्हटलं, "सर, टाइल्स बघायला उद्या मीही येते." ते म्हणाले, "ये." दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी त्या बाथरूममध्ये पाणी ओतून ते कुठे जातं ते बघितलं. दाराकडेच येत होतं. सेक्रेटरींचं बरोबर होतं. सर पँट गुडघ्यापर्यंत वर करून ओल्या फरशीवर उकिडवे बसले होते, आणि मला म्हणाले, "पुढच्या कामात आधी उतार तपासायचा, मग टाइल. लिहून घे." तेव्हापासून ते पुन्हा माझ्याशी कामाचं बोलायला लागले. त्या इमारतीबद्दल त्यांच्या तोंडून मी पुन्हा कधी काही ऐकलं नाही. पण कधी कधी ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहायचे आणि कशासाठी आलो ते विसरल्यासारखे परत जायचे.

साकीनाक्याची माणसं केव्हाच आपल्या घरी परतली होती. भिंतींची डागडुजी आम्हीच करून दिली. मावशींचं घरही शेजाऱ्यांकडची किल्ली घेऊन दुरुस्त केलं, पण त्या आल्या नाहीत, ते बंदच होतं. मी त्या गल्लीत गेले की त्यांच्या दाराकडे बघायचे. मग एके दिवशी त्यांचाच फोन आला.

"घर रिकामं करायला आलेय. कपाट हलवायला कोणी नाही. येतेस?"

मी रजा टाकून गेले. दारात चपला काढल्या, हात धुतले. त्यांनी ते बघितलं. कपाट आम्ही दोघींनी दमादमाने ओढलं. त्यामागच्या भिंतीला नवा रंग होता, आमच्याच माणसांनी लावलेला, आणि तो जुन्या रंगाशी जुळत नव्हता.

"विकताय का घर?"

"नाही. लेथवर काम करणारं एक जोडपं भाड्याने राहायला येतंय."

"तुम्ही परत नाही येणार?"

त्या डबे वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. "सवय झाली गं तिकडची."

"रागावलात अजून माझ्यावर?"

"रागावले होते. पहिले काही दिवस रोज सकाळी रागवायचे. मग तिकडे दोन सुनांची पाण्यावरून भांडणं, भावाचं गुडघ्याचं दुखणं, पोरांची शाळा. तुझ्यावर रागवायला वेळ कुठे मिळतो?"

"तुम्ही तर म्हणायचात, एकटीलाच बरं वाटतं."

त्या थांबल्या. हातातला डबा तसाच धरून माझ्याकडे बघितलं.

"म्हणायचे. दुसरं काय म्हणणार होते?"

मी खाली बसून खोक्याला दोरी बांधू लागले. गाठ नीट बसेना. त्यांनी माझ्या हातातून दोरी घेतली आणि बोटांनी भराभर गुंडाळून पक्की केली. मग नेहमीच्या फटकळपणे म्हणाल्या, "आणि तू? जेवतेस कुठे?"

"ऑफिसात."

"कोणाबरोबर?"

मी बांधलेलं खोकं उचलून दाराशी ठेवलं. त्यांनीही पुढे विचारलं नाही. टेम्पोवाल्याने बाहेरून हाक मारली. सामान चढलं, त्या ड्रायव्हरशेजारी बसल्या. या वेळी त्यांनी काच खाली ठेवली, आणि टेम्पो वळेपर्यंत मागे बघत होत्या.

आता त्या रविवारी अधूनमधून फोन करतात. सगळ्या तक्रारीच असतात. घरात कोणी फरशी नीट पुसत नाही, चहात साखर फार घालतात, नातवंडं टीव्ही बंद करत नाहीत. मी मुलुंडच्या घरात पलंगावर पाय वर घेऊन ऐकत असते. मध्येच त्यांना कोणीतरी हाक मारतं. "थांब हं," म्हणतात, फोन कुठेतरी ठेवतात आणि जातात. मग मला त्या घरातलं सगळं ऐकू येतं. भांडी, कोणाचं तरी हसणं, "आत्या, इकडे या ना," अशी हाक, मागे कुत्रं. कधी कधी त्या फोन ठेवलाय हे विसरूनच जातात. मी बंद करत नाही. त्या परत येईपर्यंत ऐकत राहते.